वर्गात काय चालले आहे, हे घरी कसे कळावे?

राजापूर तालुक्यातील खाडीकाठच्या एका दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत पहिली-दुसरीचा वर्ग सांभाळणाऱ्या, नुकत्याच रुजू झालेल्या शिक्षिकेने विचारले आहे की, पालकसभेला चार-पाच आयांपलीकडे कोणी येत नाही, व्हॉट्सॲपच्या गटावर टाकलेली सूचना शुभसकाळच्या चित्रांखाली बुडून जाते, निम्म्या मुलांचे वडील मुंबईला आणि मुले आजी-आजोबांकडे असतात, अशा स्थितीत वर्गातल्या गोष्टी घरापर्यंत आणि मुलांपर्यंत नियमितपणे कशा पोहोचवाव्यात. रत्नागिरी जिल्ह्यात आधी शिक्षक, मग मुख्याध्यापक आणि शेवटी केंद्रप्रमुख म्हणून काम केल्यामुळे किनाऱ्यावरच्या पुष्कळ शाळा मला आतून पाहता आल्या. त्या आधारावर हे उत्तर लिहितो आहे.

बाई, तुम्ही आधी घरांचा उल्लेख केला आहे आणि नंतर मुलांचा. हा क्रम उलटा करावा, ही माझी पहिली सूचना आहे आणि पुढचे बहुतेक सारे तिच्यातूनच निघते. शाळा आणि घर यांच्यामध्ये रोज न चुकता ये-जा करणारी एकच व्यक्ती असते, ती म्हणजे मूल. त्याला स्वतःच्या दिवसाबद्दल सांगता आले, तर निम्मे काम झाले. संध्याकाळी आजीने "आज शाळेत काय केलंस रे?" असे विचारले की सहा वर्षांचे मूल "काय नाय" म्हणून मोकळे होते. त्यात आळस नसतो आणि लपवाछपवीही नसते. दिवसभर आपण जे केले त्याला काय म्हणतात आणि ते कशासाठी केले, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. त्याने मणी मोजले, पाने लावली, गोष्ट ऐकली. त्यातून तो दहाचे गट करायला शिकला, हे फक्त शिक्षिकेला ठाऊक असते.

म्हणून सकाळी परिपाठ संपला की फळ्याच्या एका कडेला दिवसाचा क्रम लिहावा आणि पहिलीसाठी शेजारी साधी चित्रे काढावीत: गोष्टीसाठी पुस्तक, गणितासाठी मणी, जेवणासाठी ताट. एकेक काम झाले की मुलांकडूनच त्यावर खूण करून घ्यावी. दोन इयत्ता एकत्र बसत असतील तर हे अधिकच गरजेचे ठरते, कारण तुम्ही दुसरीकडे वळलेल्या असताना पहिलीच्या मुलाला आपण आता काय करायचे ते फळ्यावरून कळते. दिवस संपताना शेवटची दहा मिनिटे मात्र कोणत्याही परिस्थितीत राखून ठेवावीत. मुलांना जोडीने बसवून विचारावे, "आज घरी काय सांगशील?" प्रत्येकाने जोडीदाराला एक वाक्य सांगायचे. सुरुवातीला सगळे "खिचडी खाल्ली" असेच सांगतील. ते मान्य करावे आणि पुढचा प्रश्न विचारावा. काही आठवड्यांतच "आज आम्ही मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा केली" अशी वाक्ये येऊ लागतात आणि ती जशीच्या तशी घरी पोहोचतात.

त्या वाक्याला घरासाठी एक प्रश्न जोडला तर फारच चांगले. मापन शिकवताना "तुझ्या लहानपणी भात कशाने मोजत होते?" असे आजीला विचारून यायला सांगावे. पायली, शेर, मापटे हे शब्द दुसऱ्या दिवशी वर्गात येतात आणि आजीलाही शाळेत सध्या काय चालले आहे ते आपोआप कळते. जिला सही करता येत नाही, जी सभेला यायला संकोचते, ती आजी या वाटेने नातवंडाच्या अभ्यासात सहभागी होते. कोकणातल्या शाळांमध्ये मला सर्वांत टिकाऊ वाटलेला मार्ग हाच आहे. त्याला मोबाइल लागत नाही की रेंज लागत नाही.

आता पालकांकडे वळू. आपल्या नोंदवहीत वडिलांचे नाव आणि मोबाइल क्रमांक असतो, पण मुलाला सकाळी उठवणारी, डबा भरणारी, ताप आला तर सरकारी दवाखान्यात नेणारी व्यक्ती बहुधा वेगळी असते. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर पहिल्या पंधरवड्यातच एक साधी वही करावी. त्यात प्रत्येक मुलासाठी इतके असावे: रोज सांभाळते कोण, अडचणीत शाळेत कोण येऊ शकेल, घरात फोन कोणाकडे असतो आणि तो घरी कधी असतो, त्या घरात रेंज मिळते की सड्यावर (उंचावरच्या कातळी माळावर) चढावे लागते, घरी वाचता येणारे कोण आहे, आणि घरात कोणती भाषा बोलतात. ही माहिती छापील नमुना घरी पाठवून मिळत नाही, त्यासाठी वाडीत जावे लागते. पालघर किनाऱ्यावरच्या बोर्डीला बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ साली ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. तिथे वस्तीतली मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी शिक्षणच वस्तीच्या अंगणात नेले. तुम्हाला शिकवायला अंगणात जायचे नाही, पण ओळखीसाठी वर्षात एकदा तरी प्रत्येक अंगणात जावे. संध्याकाळी जावे, बाक किंवा खुर्ची मागू नये, ओटीवर बसावे, आणि पहिल्या भेटीत मुलाबद्दल एकही तक्रार करू नये. मुलाबद्दल खरोखर पाहिलेली एक चांगली गोष्ट सांगावी. उदाहरणार्थ, "तो लहान मुलांना चपला घालायला मदत करतो" असे ऐकले की घरच्यांना कळते की या बाईंनी आमच्या मुलाकडे नीट पाहिले आहे. पुढे कधी अवघड गोष्ट सांगायची वेळ आली तर ही ओळख कामी येते.

कायद्याचेही येथे सांगायला हवे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकाची कर्तव्ये दिली आहेत. पालकांच्या नियमित सभा घेणे आणि त्यांना मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, शिकण्यातील प्रगती व इतर संबंधित माहिती देणे, हे त्यांपैकी एक आहे. शाळा व्यवस्थापन समिती ही निराळी गोष्ट आहे. कलम २१ नुसार तिच्यातील किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असतात, पण समितीची सभा झाली म्हणून प्रत्येक पालकाला आपल्या मुलाबद्दल कळले असे होत नाही. पुष्कळ शाळांत समितीच्या इतिवृत्तावरच समाधान मानले जाते, म्हणून हा फरक मुद्दाम लिहिला.

सभेला कोणी येत नाही, याचे मुख्य कारण बहुतेक वेळा सभेच्या वेळेत असते. जुलैत लावणी चालू असताना दुपारी तीनला बोलावलेल्या सभेला शेतावरची बाई येणार नाही. फेब्रुवारीपासून आंब्याच्या बागेत मजुरी सुरू झाली की ती सकाळीच घराबाहेर पडते. मच्छीमार वस्तीत मात्र जून-जुलैच्या मासेमारी बंदीत बापे घरी असतात, आणि नारळी पौर्णिमेनंतर होड्या समुद्रात गेल्या की तीच माणसे भेटत नाहीत. म्हणून गावाचे वर्ष समोर ठेवून सभांचे वेळापत्रक करावे. तुमच्या शाळेत शेतकरी, मच्छीमार आणि बागेतले मजूर अशी तिन्ही प्रकारची घरे असतील, तर एका मोठ्या सभेऐवजी वाडीवार छोट्या बैठका घ्याव्यात. शाळापूर्व तयारीच्या 'पहिले पाऊल' उपक्रमात आयांचे गट केलेले असतात. ते जूननंतर मोडू न देता याच कामासाठी चालू ठेवता येतात.

गणपतीबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण मुंबईला असलेल्या वडिलांना भेटण्याची वर्षातली सर्वांत चांगली संधी तेव्हाच असते. चाकरमानी, म्हणजे नोकरीसाठी मुंबईला राहणारे गावकरी, गावात येतात ते बहुधा चतुर्थीच्या एक-दोन दिवस आधी, आणि पुष्कळ जण गौरी-गणपतीच्या विसर्जनानंतर लगेच परततात. सुट्टीत शाळा उघडून सभा भरवण्यापेक्षा, मुलांच्या वह्या आणि चित्रे यांची एक पिशवी प्रत्येक घरी सुट्टीपूर्वी पाठवावी. तिच्यात तुमचे चार ओळींचे पत्र असावे: मूल आता काय वाचू शकते, कोणती गोष्ट वडिलांना वाचून दाखवणार आहे, आणि मुंबईहून आठवड्यातून एकदा फोनवर त्याला काय विचारावे. मुलाला आधीच सांगून ठेवावे की ही पिशवी बाबांना तू स्वतः दाखवायची आहेस. आरतीच्या निमित्ताने तुम्ही दोन-चार घरी गेलात तर भेटही होते, मात्र पाहुण्यांनी भरलेल्या घरात मुलाच्या अभ्यासातील कच्चेपणा काढू नये. शिमग्याला पालखीच्या दिवसांत हीच संधी पुन्हा मिळते.

आता व्हॉट्सॲप. तो गट बंद करू नका, पण त्याचे स्वरूप बदला. वर्गाच्या सूचनांचा गट वेगळा ठेवावा आणि त्यात फक्त ॲडमिनलाच संदेश टाकता येतील अशी सेटिंग करावी. गप्पांसाठी पालकांना हवा तर दुसरा गट असू द्यावा. संदेश दिवसातून एकदाच, ठरलेल्या वेळी, तोही संध्याकाळी दिवेलागणीनंतर पाठवावा, कारण तोवर फोन नेणारा माणूस घरी आलेला असतो. लिहिलेल्या मजकुराबरोबर तोच मजकूर तुमच्या आवाजात एका मिनिटाच्या आत बोलून पाठवावा. वाचता न येणाऱ्या आजीसाठी तो उपयोगी पडतोच, शिवाय शिक्षिकेचा आवाज घरात ऐकू येणे ही वेगळीच गोष्ट आहे. मुंबईतले वडीलही लोकलमध्ये उभ्या उभ्या तो ऐकतात. गटातून गेलेली कोणतीही महत्त्वाची सूचना मुलांना वर्गात तोंडी सांगितलेली असावी आणि शाळेच्या फलकावर लिहिलेली असावी, म्हणजे ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही ते घर मागे राहत नाही.

संदेशात काय लिहावे, याकडे माझ्या मते फार कमी लक्ष दिले जाते. "सर्व पालकांना सूचित करण्यात येते की पाल्याच्या अभ्यासाकडे लक्ष द्यावे" या वाक्यातून कोणालाही काहीच कळत नाही. लक्ष द्यायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे त्या आईला कोणी सांगितलेले नसते. त्याऐवजी असे लिहावे: "या आठवड्यात दुसरीची मुले हातच्याची बेरीज शिकत आहेत. घरी मूल बोटांवर किंवा काड्यांवर मोजत असेल तर मोजू द्या, ओरडू नका. दुकानात पाठवताना दोन वस्तूंची किंमत मिळून किती होईल, ते आधी त्याला सांगायला लावा. शुक्रवारी पोषण आहाराच्या वेळी मूल रिकाम्या डब्याऐवजी एक वाटी घेऊन येईल, आपण त्या वाटीने पाणी मोजणार आहोत." यात काय चालले आहे, घरी काय करावे, काय करू नये आणि काय पाठवावे, हे सारे आले. प्रमाण भाषेचा आग्रह येथे थोडा सैल सोडायला हरकत नाही. लिहिताना शुद्ध लिहावे, पण आवाजी संदेशात तुम्ही गावच्या बोलीत बोललात तर कोणाचेही काही बिघडत नाही आणि आजीला जवळचे वाटते.

शनिवारी एक पान असावे. ते छापील किंवा सुशोभित असण्याची गरज नाही. तिसरीच्या पुढची मुले ते स्वतः लिहू शकतात, पहिली-दुसरीसाठी तुम्ही लिहावे आणि मुलांनी त्यात चित्र काढावे. त्याच्या प्रती करणे शक्य नसेल तर एक प्रत शाळेच्या दारावर, एक अंगणवाडीत, एक रास्त भाव धान्य दुकानाच्या भिंतीवर आणि खाडीपलीकडून मुले येत असतील तर होडीच्या धक्क्यावर लावावी. लोक जिथे थांबतात तिथे वाचतात. या पानावर कोणत्याही एका मुलाचे गुण, गैरहजेरी किंवा चूक येता कामा नये. ते सगळ्या वर्गाचे पान आहे.

एकेका मुलाबद्दलची गोष्ट फक्त त्याच्या घरच्यांशी आणि शक्यतो मुलाच्या उपस्थितीत बोलावी. हे मी ठामपणे सांगतो. वाचनात मागे असलेल्या मुलांची यादी गटावर टाकण्याची पद्धत काही ठिकाणी पाहिली आहे. त्या यादीने एकही मूल वाचायला लागत नाही, उलट वाडीतल्या प्रत्येक घरात त्याचे नाव पोहोचते आणि दुसऱ्या दिवशी दुसरी मुले त्याला त्यावरून चिडवतात. शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे, हे अशा वेळी आठवावे. मुलाला न सांगता पालकांना बोलावणेही टाळावे. "उद्या तुझी आई येणार आहे, आपण तिघे मिळून वाचनाबद्दल बोलणार आहोत, आणि तुला आता कोणते शब्द येतात ते तूच तिला वाचून दाखवणार आहेस," असे आदल्या दिवशी सांगितले की भीती पुष्कळ कमी होते.

प्रगतिपत्रकालाही हेच लागू आहे. महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि वर्णनात्मक नोंदी लिहिण्याची जबाबदारी शिक्षकावर आली. "प्रगती समाधानकारक", "अधिक सराव आवश्यक" अशा नोंदी वर्षानुवर्षे एकमेकींवरून उतरवल्या जातात आणि घरच्यांना त्यातून फक्त श्रेणीचे अक्षर दिसते. "जोडाक्षर नसलेली दोन-तीन वाक्ये स्वतः वाचतो, जोडाक्षरापाशी थांबतो, अंदाजाने शब्द म्हणतो" ही नोंद आईला कळते आणि पुढच्या वर्गाच्या शिक्षकालाही उपयोगी पडते. अशी नोंद लिहायला वेळ लागतो, हे मला माहीत आहे. महिन्याला प्रत्येक मुलाबद्दल एकच ओळ पण खरी, असे ठरवले तर सत्राच्या शेवटी बसून काही रचून लिहावे लागत नाही.

फोटोंबाबत सावध राहावे. गटावर टाकलेला फोटो गावाबाहेर कुठे जाईल ते सांगता येत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीवर भर दिला आहे. जूनमध्येच लेखी संमती घ्यावी, नको म्हणणाऱ्या घराला कारण विचारू नये, आणि शक्य तिथे मुलांच्या चेहऱ्यांऐवजी त्यांच्या कामाचा फोटो पाठवावा. पालकांना वर्गात काय झाले ते पाहायचे असते, आणि ते वहीच्या पानावरून अधिक चांगले दिसते.

पावसाळ्याची व्यवस्था मात्र या सगळ्यांहून वेगळी आणि कडक असावी. चिपळूणला २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले, आणि त्याच्या आदल्या वर्षी ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने मंडणगड-दापोलीकडच्या कित्येक गावांत वीज आणि फोन दीर्घकाळ बंद पाडले. त्या काळात व्हॉट्सॲपवर विसंबून असलेल्या शाळेला घरांशी बोलता आले नसते. म्हणून जूनच्या पहिल्या बैठकीतच तीन गोष्टी ठरवून घ्याव्यात आणि मुलांकडून त्या वदवून घ्याव्यात. एक, सुट्टीचा आदेश जिल्हाधिकाऱ्यांकडून येतो. तो आला की प्रत्येक वाडीतील एका ठरलेल्या घराला फोन करायचा आणि त्या घराने पुढच्या घरांना तोंडी सांगायचे. दोन, शाळा भरल्यानंतर पाऊस वाढला तर साकव (छोटा पूल) किंवा पऱ्या (ओढा) ओलांडून जाणारे मूल एकटे सोडले जाणार नाही, ठरलेली मोठी व्यक्ती आली तरच ते निघेल, नाहीतर शाळेतच किंवा शेजारच्या ठरलेल्या घरी थांबेल. तीन, फोन लागत नसेल आणि खाडीचे पाणी चढलेले दिसत असेल तर मुलाला घरी ठेवण्याचा निर्णय घरच्यांनी घ्यावा, त्याबद्दल शाळा जाब विचारणार नाही. हे मुलालाही ठाऊक असले पाहिजे, कारण ऐन पावसात घाबरलेले मूल वाट दिसेल तिकडे धावते. एक सूचना आणखी: दरवर्षी पहिला मोठा पाऊस झाला की मागच्या वर्षीच्या सुट्टीचे आदेश पुन्हा फिरू लागतात, त्यामुळे तारीख पाहिल्याशिवाय काहीही पुढे पाठवू नये.

आंब्याच्या बागांत राखणीला असलेली नेपाळी कुटुंबे आणि चिरेखाणीवर कर्नाटकातून आलेली कुटुंबे यांची मुले तुमच्या वर्गात असतील, तर मराठी संदेश त्यांच्या घरी पोहोचत नाही हे गृहीत धरावे. त्यांच्यापैकी थोडे मराठी येणारा एखादा माणूस शोधून महत्त्वाच्या सूचना त्याच्या आवाजात पाठवाव्यात. रोजच्या निरोपासाठी थोरल्या भावंडाची मदत घ्यायला हरकत नाही, मात्र आजारपण, पैसा किंवा मुलाच्या वागण्याविषयीचे बोलणे लहान मुलाकडून भाषांतर करून घेऊ नये. ही कुटुंबे पावसाच्या तोंडावर निघून जातात. ती कधी निघणार हे मार्चपासूनच विचारत राहावे आणि जाताना मुलाच्या हातात दाखला, तसेच त्याला काय येते हे सांगणारे अर्धे पान द्यावे. ते मूल पुढे कुठल्या शाळेत बसेल हे आपल्याला माहीत नसते, पण तिथल्या शिक्षकाला त्या पानाचा आधार होतो.

घरून येणाऱ्या निरोपांसाठीही वाट ठेवा. आठवड्यातला एक ठरलेला दिवस, शाळा सुटल्यानंतरचा अर्धा तास, तुम्ही पडवीत बसलेल्या असाल आणि कोणीही येऊन बोलू शकेल, हे शनिवारच्या पानावर कायम छापल्यासारखे असावे. पहिले काही आठवडे कोणी येणार नाही, तरी बसावे. रात्री येणाऱ्या फोनना मात्र मर्यादा घालणे योग्य आहे, आणि ती मर्यादा पहिल्याच बैठकीत नम्रपणे सांगून टाकावी.

हे सगळे एकाच वर्षात सुरू करू नये. या वर्षी शेवटची दहा मिनिटे, सांभाळणाऱ्यांची वही आणि पावसाची व्यवस्था एवढेच करा. शनिवारचे पान दिवाळीनंतर सुरू केले तरी चालेल. तुमची बदली होईल तेव्हा ती वही घरी नेऊ नका किंवा कपाटात टाकू नका. नव्या शिक्षकाबरोबर एक संध्याकाळ बसून प्रत्येक नावापुढे काय लिहिले आहे ते त्यांना वाचून दाखवा, आणि शक्य असेल तर दोन-चार वाड्यांत त्यांना स्वतः घेऊन जा.